घोडीवरून नेलेली लस

घोड्याला मी भितो. आज सत्तरी ओलांडल्यावर हे सांगायला मला काही वाटत नाही, पण तेव्हा मी जनावरांच्या दवाखान्यात नोकरीला होतो आणि तिथं असलं बोलायची सोय नव्हती. कागदावर माझं पद होतं व्रणोपचारक, लोक म्हणायचे ड्रेसर. बैलाचं खूर साफ करायचं, म्हशीला नळीनं औषध पाजायचं, मारक्या वळूला दोर टाकून पाडायचं, हे सगळं मी बिनघोर करायचो. बैल मान खाली घालतो तेव्हा तो पुढं काय करणार ते कळतं. घोड्याचं मला कधीच काही कळलं नाही. तो उभ्या उभ्या दचकतो, आणि कशाला दचकला म्हणून बघावं तर तिथं काहीच नसतं.

बीड जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी आमचा दवाखाना होता. पाऊस न झालेलं ते सलग दुसरं वर्ष. डोंगरापलीकडं पठारावर तिथल्या सोसायटीनं जनावरांची छावणी काढली होती. पाच-सहा वाड्यांची जनावरं एका माळावर खुंट्यांना बांधलेली, आणि साखर कारखान्याकडून ट्रकनं वाढं, म्हणजे उसाचे शेंडे, यायचे त्यावर ती जगायची. धडधाकट माणसं ऊसतोडीला गेलेली. मागं राहिलेली म्हातारीकोतारी जनावरांपाशीच मुक्कामाला, तिथंच तीन दगडांची चूल, तिथंच अंथरूण.

एके दिवशी सकाळी दवाखान्याच्या दारात टापा वाजल्या. बाहेर येऊन बघतो तर एक काळीपांढरी अबलख घोडी, आणि तिच्या लगामाला धरून घामानं निथळणारा पन्नाशीचा माणूस. सोसायटीच्या चेअरमनची ती घोडी आणि हा तिचा मोतद्दार. तिला खाऊपिऊ घालणं, फिरवणं हे त्याचं काम. घोडी धरून तो पहाटेपासून चालत आला होता.

"डाक्टर सायेब, छावणीत गळा सुजून दोन दिसात तीन जनावरं गेली," तो म्हणाला. "घरघर करत्यात अन् आडवी हुत्यात."

डॉक्टरांनी पुढं काही विचारलंच नाही. घटसर्प. एका खुंट्यावरनं दुसऱ्या खुंट्यावर जायला त्याला वेळ लागत नाही. पण त्याच दिवशी त्यांना दुसऱ्या टोकाच्या छावणीत जायचं होतं आणि जीप एकच. पठारावर जायचा मोटरचा रस्ता डोंगराला वळसा घालून जायचा, त्यावर चाऱ्याचा ट्रक सोडला तर काही चालत नव्हतं, आणि ट्रक संध्याकाळी. खिंडीतली पायवाट तेवढी सरळ.

डॉक्टरांनी दूध संघाच्या शीतकरण केंद्रातून बर्फ आणवला. मोठ्या तोंडाच्या काचेच्या थर्मासमध्ये बर्फ, त्यात लशीच्या सहा बाटल्या. झाकण घट्ट लावून त्यांनी तो माझ्या हातात दिला.

"नीट ऐक. ही गारच राहिली पाहिजे. ऊन खाल्लं की ती लस नाही, नुसतं पाणी. जराही शंका आली तर टोचू नकोस, परत ये, दुसरी देईन. आजाऱ्यांना टोचून उपयोग नाही, धडधाकटांना टोच. शेकडो जनावरं आहेत तिथं. घोडीवर बसता येतं ना?"

"येतं की," मी म्हणालो.

लहानपणी केजच्या बाजारात मामानं एकदा मला एका घोड्यावर बसवलं होतं आणि मी केकाटून बाजार गोळा केला होता, एवढाच माझा अनुभव.

थर्मास मी उपरण्यानं छातीशी बांधला आणि पिचकारी-सुयांचा डबा खोगिराला अडकवला. रिकिबीत पाय घातला तशी घोडी गोल फिरली. मी एका पायावर तिच्याबरोबर लंगडी घालत फिरलो. दवाखान्यापुढं बसलेल्या चार बायका पदर तोंडाला लावून हसल्या. शेवटी मोतद्दारानं मला मागून ढकलून वर घातलं. घोडीनं मान वळवून माझ्याकडं बघितलं आणि माझ्या गुडघ्याला दात लावून पाहिले.

"लगाम वडू नका सायेब. वडला की चिडती ती."

"बरं."

"अन् सैल बी सोडू नका. सैल सोडला की निघती."

"मग मी करू काय?"

"बसा की गुमान!"

गाव सुटेपर्यंत तो लगामाला धरून होता तोवर माझं बरं चाललं होतं. पुढं उघडा माळ लागला. बाभळीसुद्धा वाळून काळ्या पडलेल्या. घोडी सरळ चालतच नव्हती. एक पाऊल पुढं, दोन आडवी. वाळक्या पानाला बिचकायची, स्वतःच्या सावलीला बिचकायची. ती बिचकली की थर्मासातला बर्फ खुळखुळायचा. काच फुटली तर? मी एक हात थर्मासवर आणि एक हात खोगिराच्या पुढच्या कडेवर ठेवला. लगाम धरायला तिसरा हात देवानं दिला नव्हता.

खिंडीची चढण सुरू झाली तसा मी देवाचं नाव घ्यायला लागलो. पायवाट म्हणजे डोंगराच्या कुशीतून गेलेली हातभर रुंदीची रेघ. उजव्या अंगाला कातळ, तो माझ्या गुडघ्याला घासायचा. डाव्या अंगाला काहीच नाही. खाली, लई खाली, कोरडी नदी. मोतद्दार पुढं, लगाम त्याच्या खांद्यावरून मागं आलेला. घोडीचा डावा मागचा पाय कडेवर पडला की दगड सुटायचे. सुटलेला दगड खाली पोचल्याचा आवाज यायला इतका वेळ लागायचा की मी ऐकायचंच सोडून दिलं.

"खाली बघू नका," मोतद्दार म्हणाला.

"मग कुठं बघू?"

"घोडीच्या कानाकडं बघा. कान टवकारले की मला सांगा."

तेवढ्यात कान टवकारले. मी सांगायला तोंड उघडलं, पण बोबडीच वळली. वरच्या कातळावर वानरांचा कळप बसला होता. त्या साली पाण्यासाठी वानरंसुद्धा वेडीपिशी झाली होती, माणसाच्या हातात गाडगं दिसलं तरी अंगावर यायची. माझ्या छातीशी बांधलेलं भांडं त्यांनी बघितलं असावं. एक हुप्प्या थेट वाटेवर उडी मारून मोतद्दारापुढं बसला आणि त्यानं दात विचकले. घोडी मागं सरली. तिचा मागचा पाय कडेवरून खाली गेला. खरंच गेला. माझं सगळं अंग डावीकडं कललं, डावा पाय रिकिबीतून सुटला आणि माझ्या पायाखाली नुसती हवा. मेलो, म्हटलं. लग्न झालेलं नाही, आईला पैसे पाठवायचे राहिलेत, मेलो.

घोडीनं एक हिसडा दिला, पाय वर ओढला आणि ती उधळली. लगाम मोतद्दाराच्या हातातून सुटला, तो कातळाला चिकटला म्हणून वाचला. हुप्प्या कुठं गेला मला माहीत नाही. त्या हातभर वाटेवरून ती चढणीला दौडत सुटली आणि मी तिच्या मानेला मिठी मारून, डोळे गच्च मिटून, मोठ्यानं रडत होतो. लाजायचं काय त्यात, तिथं ऐकायला कोण होतं! खंडोबाला काय काय कबूल केलं ते आज आठवत नाही. घोडीलाही हात जोडले, शिव्या दिल्या, परत हात जोडले. थर्मास माझ्या बरगड्यांत रुतत होता. आतला बर्फ वाजतोय का, फुटलेली काच वाजतेय, काही कळत नव्हतं.

वाट सपाट झाल्याचं मला टापांच्या आवाजावरून कळलं. पठार आलं होतं. कडा गेला म्हणून सुटका झाली असं नाही. मोकळं रान मिळाल्यावर तर ती दुप्पट पळायला लागली. रिकामी रिकीब माझ्या नडगीवर आदळत होती. मग एका वाळक्या चिंचेखाली दगडी डोण होती, जनावरांना पाणी प्यायची, तिथं येऊन ती एकदम थांबली. मी तिच्या मानेवरून अर्धा पुढं गेलो आणि आयाळीला लोंबकळून मागं आलो. डोणीत पाण्याचा थेंब नव्हता. ती तळाचा दगड चाटत राहिली.

मी खाली उतरलो नाही. उतरलो असतो तर जन्मात परत चढलो नसतो. तसाच बसून थर्मास हळूच हलवला. खुळ खुळ, बर्फच वाजला. झाकण उघडून बोट घातलं, गार. बाटल्या सहाच्या सहा. अरे वा रे पठ्ठ्या, मी स्वतःलाच म्हणालो, आणि परत रडू आलं.

पुष्कळ वेळानं मोतद्दार धापा टाकत आला. त्याचा गुडघा फुटला होता. "उतरला न्हाईत, हे लई बरं केलं," एवढंच तो म्हणाला. त्यानं लगाम धरला आणि आम्ही छावणीच्या दिशेनं निघालो. अर्ध्या कोसावर माळ जनावरांनी काळा दिसत होता. संपलं, असं मला वाटलं. कंबर जरा सैल झाली.

आणि हलगी वाजली.

इथं एक सांगायला पाहिजे. त्या वर्षी छावण्या तपासायला सारखे कोणी ना कोणी साहेब यायचे, आणि एखाद्याचं बिनसलं तर छावणी बंद. चेअरमननं त्यावर तोड काढली होती. येणारा साहेब कोणीही असो, त्याला हलगी वाजवून आत आणायचं, हार घालायचा, नारळ द्यायचा. हलगीवाला सकाळपासून हलगी शेकून वाट बघत बसलेला. दुसरं असं, की ही घोडी त्या भागातल्या झाडून सगळ्या लग्नांत नवरदेवाला नेणारी. हलगी ऐकली की नाचायचं, हेच तिला शिकवलेलं. छावणीतल्या प्रत्येकाला हे माहीत होतं, आणि म्हणूनच त्यांनी मुद्दाम तिला पाठवलं होतं. घोडी नाचत येईल, साहेब खूश होईल. मला मात्र कोणी सांगितलं नव्हतं.

"बंद करा बे! हलगी बंद करा!" मोतद्दार बोंबलत सुटला. ते त्या कडकडाटात कोणाला ऐकू जाणार? घोडी मागच्या दोन पायांवर उभी राहिली. आकाश माझ्या तोंडासमोर आलं. ती तशीच पुढं दोन पावलं नाचली, खाली आली, परत उभी राहिली. लोक टाळ्या वाजवत होते. दुसऱ्या खेपेला मी तिच्या शेपटीकडून खाली आलो, पाठीवर. श्वास कोंडला. पडताना उपरण्याची गाठ सुटली, थर्मास दगडावर आपटला आणि आतली काच फुटल्याचा आवाज मी स्पष्ट ऐकला.

माणसं धावली. मला उठवलं, पाठ चोळली, पाणी पाजलं. ज्या छावणीत माणशी एक घागर पाणी होतं तिथं त्यांनी मला दोन तांबे पाजलं. बर्फ धुळीत पडला होता, बघता बघता त्याचा चिखल झाला. बाटली एकही फुटली नव्हती. कोणीतरी सगळ्या बाटल्या गोळा केल्या, पदरानं स्वच्छ पुसल्या आणि मांडवाबाहेरच्या टेबलावर नारळाशेजारी ओळीनं मांडल्या. भर उन्हात.

मी बोलायला पाहिजे होतं. तेवढ्यात हार पडला गळ्यात. चेअरमन बोलायला उभे राहिले. डोंगर ओलांडून आलेले आमचे डॉक्टर, असं ते मला म्हणत होते. त्यांनी संस्थेच्या कामाची सगळी माहिती दिली. मी खुर्चीत बसून त्या सहा बाटल्यांकडं बघत होतो. सावलीत ठेवा, एवढं म्हणायला काय जात होतं? पण मधेच बोलावं कसं, एवढी माणसं हात जोडून उभी! भाषण संपलं, मी टेबलापाशी जाऊन एक बाटली हातात धरली, तर ती चांगली गरम लागली.

डॉक्टरांचं वाक्य मला पाठ होतं. शंका आली तर परत ये. परत जायचं म्हणजे कसं जायचं? घोडी समोर मोतद्दाराजवळ उभी होती, फुरफुरत, पाय आपटत. परत तीच खिंड, तोच कडा, आणि संध्याकाळच्या ट्रकनं उतरलो तरी उद्या नवी लस घेऊन पुन्हा तीच चढण. खरं कारण हे. लोकांना भ्यालो, नोकरीला भ्यालो, असं मी पुढं स्वतःला पुष्कळ सांगून बघितलं. तेही असेल. पण त्या घटकेला माझ्या डोळ्यांपुढं फक्त ती हातभर वाट होती. त्या घोडीवर मला पुन्हा बसायचं नव्हतं.

"लस चांगली हाय ना सायेब? पडली म्हणून इचारतो," हलगीवाल्यानं विचारलं. त्याचं तोंड उतरलं होतं.

"एकदम चांगली. एक नंबर," मी मोठ्यानं म्हणालो. "आता कोणी घाबरू नका."

दिवस मावळेपर्यंत मी टोचत होतो. प्रत्येक जण आपल्या जनावराचं नाव सांगायचा, मान धरून उभा राहायचा आणि टोचून झालं की माझ्या पाया पडायचा. संध्याकाळी चाऱ्याच्या ट्रकमध्ये ड्रायव्हरशेजारी बसून, वळसा घालून, मी घरी गेलो.

पुढचे दिवस मी कसे काढले ते माझं मला माहीत. ट्रकचा ड्रायव्हर दवाखान्यावरून जाताना हाळी देऊन सांगायचा. आज दोन गेली. आज एक. डॉक्टर म्हणायचे, लस अंगात धरायला आठ-दहा दिवस लागतातच, धीर धर. त्यांच्या त्या शब्दांना मी चिकटून बसलो. रोज मनात म्हणायचो, उद्यापासून थांबेल.

नवव्या दिवशी मोतद्दार घोडी घेऊन पुन्हा दारात आला. "सायेब, अजून मरत्यात," तो डॉक्टरांना म्हणाला. "कावून?" आणि त्यानं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. त्याचा माझ्यावर संशयच नव्हता. ते मला सोसलं नाही. मी दोघांसमोर सगळं सांगून टाकलं, ऊन, भाषण, गरम बाटल्या, घोडीची भीती, सगळं.

डॉक्टर उठले आणि त्यांनी स्वतः दुसरा थर्मास भरला. "तू जा," ते म्हणाले. "आणि टोचायच्या आधी त्यांना हे सांग."

दुसऱ्यांदा घोडीवर बसताना भीती वाटली का? वाटली, तितकीच वाटली. फरक एवढाच की ती वाट संपू नये असं या खेपेला वाटत होतं.

छावणीत हलगी वाजली नाही. मी थर्मास मांडवात, ओल्या पोत्याखाली ठेवला आणि उभा राहून सांगितलं. चेअरमन लालबुंद झाले. एक म्हातारा माझ्यापुढं थुंकला आणि आपल्या बैलाकडं निघून गेला. मला वाटलं होतं मारतील. कोणी हात लावला नाही. टोचायचं होतं ना अजून, माझ्याशिवाय टोचणार कोण होतं?

रांगेनं टोचत मी एका खुंट्याशी आलो. तिथं दावं होतं, गाय नव्हती. शेजारी एक आजी बसल्या होत्या, वाढ्याचे तुकडे निवडत. त्या दिवशी मीच त्यांच्या गायीला टोचलं होतं.

"आजी, कधी गेली?"

"तू टोचलीस त्याच राती."

माझ्या मनाला एकदम हलकं वाटलं. त्याच रात्री म्हणजे रोग आधीच अंगात होता. चांगल्या लशीनंही ती वाचली नसती. हे मी त्यांना सांगायला लागलो, भराभरा, अगदी डॉक्टरांसारखं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"आसंल बाबा," त्या म्हणाल्या. "पण आधीच्या दोन राती मी तिच्यापाशी जागी हुते. तू म्हणलास घाबरू नका, म्हणून त्या राती डोळा लागला. जागी असते तर मरताना तिच्या तोंडात पाणी तरी घातलं असतं."

त्या परत वाढं निवडायला लागल्या. पुढच्या खुंट्याचा माणूस बैलाची मान धरून माझी वाट बघत होता, आणि माझा पाय उचलत नव्हता.